निळ्या पडद्याचा उन्हाळा

चैत्र सरत आला की दुकानातला फोन दम घेत नाही. "ताई, यंदा मक्याचं पाकीट पिवळं नको, हिरवं करा." "ताई, मागच्या पोस्टरवरचं बोंड बारीक दिसतंय, मोठ्ठं करा." जालन्यात बियाण्याच्या कंपन्या गल्लोगल्ली, आणि प्रत्येकीला मृगाच्या आत नवं पाकीट हवं असतं. कृषी केंद्राच्या काउंटरवर उभ्या राहिलेल्या माणसाला आतलं बी दिसत नाही, दिसतं ते वरचं चित्र. ते चित्र आम्ही करतो. निदान करायचो, आता मी करते.

यंदाही तसाच पहिला फोन आला. मी खिडकीतला कूलर सुरू केला, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडलं, आणि त्या ओल्या वासाबरोबर तो एक उन्हाळा खोलीत येऊन बसला. सगळ्यांवर संशय घेण्यात गेलेला उन्हाळा. वाळ्याचा वास लोकांना थंडगार वाटतो. मला अजून त्यात थोडी धाकधूक येते.

दुकान नव्या जालन्यात, एका अरुंद गल्लीत. खाली फ्लेक्स छापणारा, वर आम्ही. आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ, मनीषा. मी घनसावंगीची, ती केदारखेड्याची. एका घरात नांदणाऱ्या, एका ओट्यावर भाकरी थापणाऱ्या, आणि अकरा वाजले की एकाच जिन्यानं वर येऊन एकाच कॉम्प्युटरसमोर पाळीपाळीनं बसणाऱ्या. माझ्याकडं गिऱ्हाइकं, लेबलांवरचा मजकूर, शुद्धलेखन. तिच्याकडं चित्रं. कपाशीच्या बोंडावर दवाचा थेंब असा ठेवायची की पुसून घ्यावासा वाटे.

कॉम्प्युटर नवा होता, दिवाळीत संभाजीनगरहून जुळवून आणलेला. थंडीभर त्यानं मुकाट काम केलं. फक्त मोठी फाइल उघडायला वेळ लावायचा. होळीच्या सुमारास गजानन धूळ काढायला आला. गावातल्या निम्म्या दुकानांचे कॉम्प्युटर तोच बघतो. आम्ही दोघींनी एका सुरात तक्रार केली, की मशीन हळू आहे. त्यानं मशीन बंद करून परत चालू केली, विंडोज यायच्या आधीच कुठलीशी करड्या रंगाची पाटी उघडली, दोन-चार ठिकाणी बोटं चालवली आणि म्हणाला, "तुमची रॅम, म्हंजी मशीनची मेमरी, चांगल्या जातीची हाये ताई. पण मशीन तिला हळू चालीनं पळवून राह्यली व्हती. आता बघा."

आणि खरंच, मशीन पळायला लागली. मनीषाच्या ज्या फाइलीला चहा उकळेपर्यंत वेळ लागायचा, ती दूध घालायच्या आत उघडली. आम्ही गजाननला मोसंबीचा रस पाजला. तो गेल्यावर मनीषा खुर्चीत गोल फिरली होती, हे मला चांगलं आठवतं. त्या सुखात संशयाला कुठंच जागा नव्हती.

मग ऊन वाढलं. एका दुपारी मनीषा बोंडाच्या कडा कोरत होती आणि अचानक सगळा पडदा निळा झाला. पांढऱ्या अक्षरात काहीतरी आलं, आम्ही वाचेपर्यंत गेलं, आणि मशीन आपली आपण बंद होऊन परत सुरू झाली. "गेली ताई," मनीषा हसत म्हणाली. पहिल्यांदा आम्ही दोघी हसलो. दुसऱ्यांदा ती एकटी हसली. त्यानंतर कुणी हसलं नाही.

त्या निळ्या पडद्यावरचा संदेश दर वेळी वेगळा असे, हेच वाईट होतं. एकच एक कारण पुन्हा पुन्हा आलं असतं तर बोट ठेवता आलं असतं. कधी तो पडदा सकाळी येई, कधी दुपारी लागोपाठ. कधी निळं काहीच न होता नुसतं सॉफ्टवेअरच मिटून जाई. कधी जतन केलेली फाइल उघडायला गेलं की ती खराब झाल्याची सूचना. आणि मग मध्येच दोन दिवस असे जात की जणू काही घडलंच नव्हतं. ते दोन दिवस जास्त अंगावर येत. कामापेक्षा जास्त आम्ही मशीनचा आवाज ऐकत बसायचो. पंखा जरा जोरात फिरला की दोघींचे हात कीबोर्डवर थबकायचे.

आधी मी विजेवर संशय घेतला. गल्लीतली वीज उन्हाळ्यात तशीही धड नसते. बॅटरीची सोय बदलून पाहिली, फरक पडला नाही. मग संभाजीनगरच्या दुकानदारावर घेतला. त्यानं नव्याच्या नावाखाली जुने भाग घातले असणार. मी त्याला फोन केला तेव्हा तो इतका गोड बोलला की माझी खात्रीच पटली. मग गजाननवर. तो येई, विंडोज नव्यानं टाकी, एकदा तर वीज पुरवणारा आतला डबाच बदलून गेला. तो गेल्यावर एखादा दिवस मशीन शहाण्यासारखी वागे, मग परत तेच. जो दुरुस्त करायला येतो तोच बिघाड ठेवून जात नसेल कशावरून? मी त्याच्या मागं उभी राहून त्याची बोटं बघू लागले. त्याला ते कळलं. पूर्वी तो चहा घेताना गावभरच्या गप्पा मारायचा, आता गुपचूप पिऊन निघून जाऊ लागला.

जालन्यात दुपारचं वारं सुटलं की खिडक्या कितीही लावून घ्या, टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. ती कुठून आत आली हे सांगता येत नाही. संशयाचंही तसंच होतं. आत आल्याचं कळत नाही, आणि एकदा आला की सगळ्या वस्तूंचा रंग थोडा बदलतो.

मनीषावर तो कधी बसला हेही मला नीट सांगता येणार नाही. जेवताना आमचे हे एकदा सहज म्हणाले, "मशीनचं काय घेऊन बसलीस, चालवणाराचा हात बघ." ते शाळेत मास्तर, पोरांबद्दल बोलतात तसे बोलून गेले. मी मात्र ते वाक्य भाकरीसारखं चावत राहिले. मोडलेल्या फाइली बहुतेक मनीषाच्या. पडदा निळा होतो तेव्हा खुर्चीत बहुतेक मनीषा. माझी लेबलं तर कधी मोडली नाहीत. चित्रांच्या फाइली भारी असतात, मशीनला जास्त राबवतात, म्हणून त्याच मोडतात, हा विचार मला सुचायला हरकत नव्हती. पण मला तो नको होता.

आणि मग दिसायला लागलं. ती फोन आला की गॅलरीत जाते. मी जिना चढून आले की पडद्यावरचं काहीतरी पटकन मिटवते. तिच्या पर्समध्ये एक लाल पेनड्राइव्ह आहे, जो दुकानाचा नाही. घरी ती जरा जास्तच गोड वागते, भांडी माझ्या हातातून काढून घेते. का? माझा दीर संतोष नोकरीसाठी रोज रेल्वेनं संभाजीनगरला जाऊन येई. आल्यावर नवरा-बायको खोलीत बारीक आवाजात बोलत. पूर्वीही बोलत असतील, पण पूर्वी मला ऐकू येत नव्हतं.

मी मशीनला पासवर्ड टाकला.

"ताई, पासवर्ड टाकला का?" तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"हो. गजानन म्हणाला, टाकलेला बरा."

गजानन असं काही म्हणाला नव्हता. तिनं माझ्याकडं क्षणभर पाहिलं आणि "बराबर हाये," म्हणाली. मी सांगितलेला शब्द तिनं हळूच टाइप केला. त्या दिवशी ओट्यापाशी आम्ही दोघी उभ्या होतो, ती थापत होती, मी भाजत होते, आणि तव्यावरच्या भाकरीखेरीज तिथं कुणाचाच आवाज नव्हता.

सगळ्यात मोठं काम एका कपाशीच्या कंपनीचं होतं. त्यांचे पवार साहेब म्हणजे हळू बोलणारा, डोक्याला रुमाल बांधून मोटारसायकलवर फिरणारा माणूस. एका सकाळी ते छापखान्यातून आलेला नमुना घेऊन जिना चढून आले आणि तो टेबलावर पसरला. पांढऱ्याशुभ्र बोंडावरून आडवी एक जांभळी-हिरवी पट्टी गेली होती, जखमेवर बांधावी तशी.

"हे काय आहे ताई?"

आम्ही छापखान्याला पाठवलेली फाइल उघडली. पट्टी तीतही होती. मग मनीषाची मूळ फाइल उघडली. तिच्यात बोंड स्वच्छ होतं, दवाच्या थेंबासकट. म्हणजे मूळ चित्रावरून छपाईची फाइल तयार करतानाच काहीतरी झालं होतं. ती फाइल मनीषानं केली होती, मी पाणी आलं म्हणून घरी गेले होते तेव्हा. नळाला पाणी आलं की आमच्या गावात हातातलं काम टाकून जावंच लागतं.

"पाकीट म्हणजे आमच्या कंपनीचं तोंड हाये," पवार साहेब म्हणाले. "परत असं झालं तर मला वर सांगावं लागंल. मंग हे काम दुसरीकडं जाईल. राग मानू नका." ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते नमुना तसाच टेबलावर ठेवून गेले. मनीषा त्या पट्टीवरून अंगठा फिरवत राहिली, जणू पुसली तर जाईल. आणि मी मनात म्हणत होते, किती छान सोंग करतेय.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर आले. जेवून तासाभरानं येते सांगून गेले होते, आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले. ऊन असं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. चपला खालीच काढल्या. वर आले तर मनीषा खुर्चीच्या कडेवर बसलेली, लाल पेनड्राइव्ह मशीनला लावलेला, आणि पडद्यावर आमचं सॉफ्टवेअर नाही, दुसरंच काहीतरी. काळ्या पाटीवर आकडे धावत होते.

"काय करून राह्यलीस?"

ती दचकली. "काही न्हाई ताई."

"काही न्हाई कसं? दुकानातलं काम कुठं घेऊन चाललीस?"

तिनं मान वळवली. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. "तुम्हाला मी चोर वाटते का?"

मी त्या लाल पेनड्राइव्हकडं बघितलं. तेवढ्यानं उत्तर मिळालं.

"मला तुम्ही वाटल्या व्हत्या," ती म्हणाली. "माझ्याच फाइली कशा मोडतात? तुमचं एक लेबल मोडलं न्हाई. मी घरी गेल्यावर तुम्ही मागं थांबून राह्यल्या. वरून पासवर्ड टाकला. मला वाटलं, मला कंटाळून मीच म्हणावं, की न्हाई जमत मला, असं तुमच्या मनात असंल."

इतके दिवस मी तिच्याकडं बघत होते, आणि इतके दिवस ती माझ्याकडं बघत होती. एकाच खोलीत, एकाच कूलरच्या वाऱ्यात. आपल्याकडंही कुणी तसंच बघत असेल, हे संशय घेणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. मला राग आला, आणि रागाच्या खाली थोडी लाज. त्या दोन्हींचं काय करावं कळेना, तेवढ्यात पडद्यावर एक लाल ओळ उमटली. तिच्याखाली दुसरी. मग चार-पाच एकदम.

"हे बघा," मनीषा भांडण विसरून म्हणाली. "हेच बघत व्हते मी."

कॉलेजातल्या एका मैत्रिणीला विचारून तिनं तो प्रोग्राम आणला होता. तो मशीनच्या मेमरीत काहीतरी लिहितो आणि लगेच वाचून बघतो. लिहिलं तेच वाचलं गेलं तर ठीक, नाहीतर लाल ओळ. "लिव्हलं एक अन् वाचलं भलतंच," ती म्हणाली. बोंडावरची पट्टी तशीच आली होती. चित्र मेमरीतून जाताना मध्येच काही ठिपके भलतेच होऊन बाहेर पडले होते.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही म्हणाल्या असत्या, सीझनमध्ये उचापती नको."

म्हणाले असते, हे खरं.

मी दुसरी खुर्ची ओढली. दुकानाला आतून कडी लावली. त्या दुपारी आणि पुढच्या दुपारी आम्ही जे केलं तसं नीटस काम त्या उन्हाळ्यात दुसरं झालं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, आणि वाट बघायची. तिनं मशीनचा डबा उघडला, मी मोबाइलचा उजेड धरला. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली, चाचणी लावली. एकही लाल ओळ नाही. तीच जागा, दुसरी पट्टी. लाल ओळ नाही. मग दोन्ही परत लावल्या आणि पडदा लालेलाल.

"एकटी-एकटी दोन्ही चांगल्या हायेत," मनीषा म्हणाली. "सोबत लावल्या की बिघडून राह्यल्यात."

ते बोलून झाल्यावर आम्ही दोघींनी उगाच कूलरमधलं पाणी किती उरलंय ते बघितलं.

मग बराच वेळ तिनं हनुवटीला हात लावून विचार केला. "ताई, होळीला गजाननभाऊनं काय केलं व्हतं?"

मी वीज, दुकानदार, गजाननची बोटं, जाऊ, दीर, सगळं तपासलं होतं. होळीच्या वेळच्या त्या दोन-चार बटणांकडं वळूनही बघितलं नव्हतं, कारण त्यांनी सुख दिलं होतं. बिघाड नंतर बऱ्याच दिवसांनी, ऊन तापल्यावर सुरू झाला, म्हणून धागा जुळलाच नाही. जे आपल्याला आवडलं त्यावर शंका घ्यायचं सुचत नाही. शंका घ्यायला आपण माणूस शोधतो.

मशीन बंद करून मनीषानं ती करडी पाटी उघडली. मेमरीच्या वेगासमोर गजाननचा जादा आकडा होता. तिनं तो काढून नेहमीच्या, आपोआप ठरणाऱ्या वेगावर आणला. मग दोन्ही पट्ट्यांसह चाचणी लावली आणि आम्ही समोर बसून राहिलो. ऊन खिडकीवरून भिंतीवर सरकलं. आकडे धावत राहिले. लाल ओळ आली नाही.

मी गजाननला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं. "मी तर सगळ्यांनाच करून देतो ताई," तो म्हणाला. "रॅमच्या खोक्यावर तो वेग लिव्हलेला असतो, पण बाकीच्या मशीनला तो झेपलाच पाह्यजे असं न्हाई. त्यात हे ऊन." आणि थोडं थांबून, "मला वाटलं, तुम्हाला माझाच वहीम येऊन राह्यला."

"आला होता," मी म्हणाले. त्यानंतर तो चहाला पुन्हा पहिल्यासारखा बसू लागला.

मशीन पुन्हा हळू झाली. फाइल उघडेपर्यंत चहा उकळू लागला. आम्ही बोंडाची फाइल नव्यानं तयार केली आणि मोठी करून कोपरा न् कोपरा तपासली. पवार साहेबांनी नवा नमुना उजेडात धरून पाहिला, मान हलवली, पाकिटं छापायला गेली. काम वाचलं. पण त्यानंतरही कित्येक दिवस मी प्रत्येक फाइल पाठवायच्या आधी उघडून बघत होते, बंद करून परत उघडत होते. मशीनमधला वेग एका बटणानं उतरतो. माणसाच्या आत तसलं बटण कुठं आहे, मला सापडलेलं नाही.

आणि गॅलरीतले फोन तसेच उरले होते. त्यांचा रॅमशी काही संबंध नव्हता.

ते तिनंच सांगितलं, पाकिटांची शेवटची गाडी गेल्यावर. संभाजीनगरला पॅकिंगची डिझाइनं करणाऱ्या एका कंपनीत तिनं अर्ज केला होता. संतोषची रोजची ये-जा वाचेल म्हणून दोघं तिकडं खोली घेणार होते. लाल पेनड्राइव्हवर चाचणीचा प्रोग्राम होता तशी तिची चित्रंही होती, तिकडं दाखवायला नेलेली. "सांगणारच व्हते ताई," ती म्हणाली. "सीझन होऊन जाऊ द्या म्हणलं."

म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता. ती काहीतरी लपवत होती, चित्रं नेत होती, जाणार होती. फक्त चोर नव्हती. पूर्ण चुकले असते तर माफी मागून मोकळी झाले असते, पूर्ण बरोबर ठरले असते तर रागावून. मधल्या मध्ये माणूस काय करतं? मी तिला विचारलं, "माझ्यामुळं चाललीस का?" ती "न्हाई" म्हणाली. मी त्या "न्हाई"कडंही थोडं निरखून बघितलं. मग तिच्यासाठी लोणच्याची बरणी भरायला घेतली.

आता ती तिकडं, मी इकडं. माझ्या शेजारची खुर्ची मी काढलेली नाही, तिच्यावर नमुन्यांचे गठ्ठे असतात. बोंडावरचा दवाचा थेंब मला अजून तिच्यासारखा जमत नाही, पवार साहेब बोलून दाखवत नाहीत इतकंच. रविवारी तिचा फोन येतो. घर कसं, संतोष कसा, पाणी येतं का, ऊन किती. नोकरीचं विचारलं की "बरं चाललंय" म्हणते.

मागच्या रविवारीही तेच म्हणाली. मी फोन ठेवला, कणीक तिंबायला घेतली, आणि ते "बरं चाललंय" माझ्या कानातून जाईना. त्यात काहीतरी आडवं गेलेलं होतं. हात धुतले आणि परत फोन लावला.

"काय झालं ताई?"

"काही नाही. मघाशी तू बरं चाललंय म्हणालीस, ते मला खरं वाटलं नाही."

पलीकडं तिनं पंख्याचं बटण बंद केल्याचा आवाज आला. मी थांबून राहिले. मग ती बोलायला लागली.